मुलांना पऱ्याकाठी न्या

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "लहान मुलांना घेऊन जाता येईल असा जवळचा धबधबा सुचवा." तासाभरात पंचवीस-तीस उत्तरं आली. त्यातल्या निम्म्याहून जास्त जागा अशा, की भर पावसात मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला तिथे पाय ठेवू देणार नाही. ग्रुपवर एवढं सगळं मावलं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या सासूबाई संगमेश्वरकडच्या. पाण्याला त्यांच्याकडे किती शब्द आहेत! पावसाळ्यात घरामागून खळखळत जातो तो पऱ्या. त्याहून मोठा तो वहाळ. वहाळ जिथे खोल होतो तो कोंड. आणि ओलांडायला माडाचं खोड आडवं टाकलं की झाला साकव. मी त्यांना ग्रुपवरचा प्रश्न वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "धबधबा लांबून बघायचा असतो गो. खेळायचं ते पऱ्यात."

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना पाण्याकाठच्या रानात चालायला न्या, जरूर न्या, दर महिन्याला न्या. पण जागा शोधताना धबधब्याचं नाव शोधू नका. पायवाट शोधा, ओढा शोधा, तळं शोधा.

हे शहाणपण मला घरबसल्या आलेलं नाही. चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही ताम्हिणीच्या बाजूला गेलो होतो. लेक तेव्हा पाच वर्षांची. रस्त्यापासून थोडं आत एक ओढा होता, पाणी घोट्यापर्यंत, डोक्यावर चक्क ऊन पडलेलं. मी डबा एका सपाट दगडावर ठेवला आणि तिला पाण्यात सोडलं. पलीकडच्या काठावर एक बाई गुरं घेऊन उभ्या होत्या. त्या एकदम ओरडल्या, "ताई, पोरीला उचला आधी! पानी गढूळ व्हाय लागलंय!" मी खाली बघितलं. ओढ्याची एक कड चहासारखी झाली होती आणि तिच्यातून सुकी पानं, काटक्या येत होत्या. आम्ही लेकीला उचलून वर चढलो. दहा-बारा मिनिटांत डबा ठेवलेला दगड दिसेनासा झाला. डबा कुठे गेला ते कळलंच नाही. आमच्या अंगावर तोवर पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

पाऊस वर, घाटमाथ्यावर पडला होता. आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्टचा कातळ, त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार उभा. तिथे पडलेलं पाणी मुरत बसत नाही, मिळेल त्या घळीतून थेट खाली येतं. म्हणून आपल्या डोक्यावर ढग आहे की नाही याला काही अर्थ नसतो, ओढ्याच्या माथ्यावर आहे का ते बघायचं. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा वाहत येणं, पाण्याचा आवाज जड होणं, यातलं एक जरी झालं तरी उठायचं. चप्पल राहिली तर राहू द्यायची. आमच्या घरात हे आता लेकसुद्धा सांगते.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्याखालच्या कमेंट वाचून मला फार वाईट वाटलं होतं. अक्कल नाही, हौस नडली, असं लोकांनी सर्रास लिहिलेलं. मला तेव्हा ती गुरांमागची बाई आठवली. आमच्या वेळी पलीकडच्या काठावर ती होती. बाकी आमच्यात काही वेगळं नव्हतं.

दुसरी गोष्ट डोहांची. धबधब्याखालचं पाणी वरून शांत, हिरवं आणि फार सुंदर दिसतं. खाली काय आहे ते बघायचं असेल तर उन्हाळ्यात मुलांना निघोजला घेऊन जा. पारनेर तालुक्यात, कुकडी नदीच्या पात्रात. तिथले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. प्रवाहात अडकलेले दगडगोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगर फिरून कातळाला आतून कोरत जातात आणि रांजणासारखे खोल खड्डे तयार होतात. काही इतके खोल की आत वाकून बघताना लेकीनं माझा हात घट्ट धरला. नदी आटलेली असताना हे सगळं उघडं दिसतं. असेच खळगे सह्याद्रीतल्या कितीतरी ओढ्यांमध्ये पाण्याखाली असतात. एक पाऊल घोटाभर पाण्यात, पुढचं थेट तळ नसलेल्यात. डोहात उतरू नकोस असं मी तिला आधी शंभर वेळा सांगितलं असेल. निघोजनंतर सांगावं लागलेलं नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग कशाला जायचं? माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो.

आपल्याकडे घराबाहेर पडण्याचे दोनच प्रकार रूढ झालेत. एक तरण्या पोरांचा ट्रेक: पहाटे तीनला निघायचं, दोर लावायचे, कडा उतरायचा. दुसरा कुटुंबाचा: गाडीतून पॉइंटपर्यंत जायचं, कणीस आणि भजी खायची, फोटो काढायचे, ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकून घरी यायचं. या दोन्हींच्या मधलं आपल्याकडे जवळजवळ काही उरलेलंच नाही. आजी, आई आणि सात-आठ वर्षांचं मूल एका चालीनं दोन-अडीच तास रानातून चालतायत, वाटेत पाणी लागतंय, बसतायत, पुन्हा चालतायत, असं चित्र कुठे दिसतं? आणि नेमकं तेच मुलांना सगळ्यात जास्त भावतं, हे मी चार वर्षं डोळ्यांनी बघतेय.

गुप्त भीमाशंकरचंच सांगते. दसऱ्यानंतर गेलो होतो. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या, गुडघे बरे पण घाई चालत नाही. मंदिराच्या गर्दीतून बाहेर पडून मागच्या रानात शिरलो आणि आवाज असा बंद झाला, जसं कुणी दार लोटून घेतलं. वर झाडांचं छत, खाली ओला पाला, खोडांवर बोटभर शेवाळ. साक्षी विनायकाचं छोटं देऊळ लागतं, तिथे सासूबाई टेकल्या. तेवढ्यात वरून खरखर आवाज आला आणि लेकीनं बोट दाखवलं: शेकरू! आपला राज्यप्राणी, आणि भीमाशंकरचं अभयारण्य ज्याच्यासाठी ओळखलं जातं तो. तांबूस अंग, लांबलचक झुपकेदार शेपूट. या झाडावरून त्या झाडावर अशी उडी घेतली की आम्ही तिघी एकदम "अगंबाई" म्हणालो. वर काटक्यांची दोन-तीन घरटी दिसत होती. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आजीसारखं, पुण्यात पण घर आणि गावाला पण."

पुढे पाणी लागतं. भीमा मंदिरापाशी उगम पावते, लुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे. दगडांतून येणारी बारीकशी धार, पिंडीवर पडणारी. सासूबाईंनी विचारलं, "ही भीमा म्हणजे पंढरपूरचीच ना?" हो, तीच. पंढरपुरात चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, आणि पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. त्यांनी साडी जरा वर खोचली, दगडावर बसल्या आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वारीला जायचं त्यांचं राहून गेलंय, ते मला माहीत होतं. मीही काही बोलले नाही.

तोवर लेक दगड उलटे करून बघत होती. एका दगडाखाली तिला वाळूच्या कणांची नळी सापडली, आत अळी. आपल्याभोवती कण चिकटवून घर बांधणारी. काठच्या गवतावर चतुराची कात होती, पाठीवर चिरलेली. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि मग वर चढून कातीतून बाहेर येतं. ती कात बघत लेक पाऊण तास बसली. एरवी पाच मिनिटं स्वस्थ न बसणारी पोर! जेवायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी. नेटवर्क नव्हतं. परत यायला दीड तास लागला, कारण तिला प्रत्येक दगड होता तसा पुन्हा ठेवायचा होता.

अशा जागा आहेत हो. मुरूडजवळ फणसाड अभयारण्य आहे, एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. तिथे रानातल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. दिवाळीनंतर सकाळी लवकर गाणाच्या काठाशी गप्प बसायचं आणि कोण पाणी प्यायला येतंय ते बघायचं. मुलांना गप्प बसवण्याचा त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मुंबईकरांना तर लांब जायची गरजच नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावातून निघालेली दहिसर नदी आहे, तिच्या बाजूनं सिलोंडाची वाट जाते. उद्यानाची परवानगी घ्या, माहितगार माणूस सोबत घ्या. ज्या नदीला आपण शहरात नाला म्हणतो ती आत रानात किती नितळ वाहते, हे मुंबईच्या प्रत्येक मुलानं एकदा बघायला हवं.

आणि आंबोली. तिथल्या मुख्य धबधब्यावर शनिवार-रविवारी उभं राहायला जागा नसते. त्याच गावात हिरण्यकेशी नदीचा उगम आहे: गुहेतून येणारं पाणी, पुढे कुंड, महादेवाचं देऊळ, भोवती गच्च झाडी. या कुंडात 2020 मध्ये शास्त्रज्ञांना माशाची नवी जात सापडली, करंगळीएवढा मासा, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. 2021 मध्ये सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवाचं पाणी म्हणून लोकांनी ते जपलं, आणि त्या जपण्यात एक अख्खी जात वाचली. मी लेकीला हे सांगितलं तेव्हा ती हळू आवाजात बोलायला लागली, मासे घाबरतील म्हणून. पहाटे तिथे शीळकरी कस्तूर ऐकला. झाडीत कुणी माणूस शीळ घालत, सूर चुकत चाललाय असंच वाटतं.

आता थोडं रागानं लिहिते. दर पावसाळ्यात अपघात होतात, मग मनाई आदेश निघतात, धबधबे बंद होतात. धोक्याच्या जागा बंद करायलाच हव्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंदीनंतर पुढे काही होत नाही. कुटुंबांना सुरक्षित चालता येतील अशा वाटा आखून द्या ना! साधा फलक: वाट किती लांब, पाणी कुठे आहे, कुठल्या महिन्यात ओढा ओलांडायचा नाही. गावागावांत संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, त्यांच्यामार्फत स्थानिक माणूस सोबत मिळण्याची सोय करा. भीमाशंकरच्या परिसरातल्या महादेव कोळी माणसांना तिथली प्रत्येक घळ ठाऊक आहे. त्यांचं ज्ञान आपल्या मुलांपर्यंत यावं आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत.

आणि आपल्याकडूनही. ओढ्याकाठी स्पीकर लावणाऱ्या मंडळींना मी हात जोडून सांगते, बंद करा. त्या आवाजात गढूळ पाण्याची हाक ऐकू येत नाही, पक्ष्याची तर नाहीच. बाटल्या फोडणाऱ्यांना काय सांगावं? माझ्या लेकीच्या मैत्रिणीच्या तळपायाला पाच टाके पडले, गुडघाभरही नसलेल्या स्वच्छ पाण्यात.

जायचंच तर कधी? माझं मत, गणपती उठल्यावर. पाऊस ओसरलेला असतो, ओढे निवळलेले असतात, तेरडा आणि सोनकी फुललेली असते. डिसेंबरपर्यंत बऱ्याच ओढ्यांना पाणी टिकतं. मुलांना स्लिपर घालू नका, पकड असलेले बूट घाला. मिठाची पुडी जवळ ठेवा, जळू लागली तर घाबरायचं नाही. दुपारी तीनला परतीला लागा, मग पोचला असाल किंवा नसाल. आम्ही दोनदा अर्ध्यातून परतलोय. एकदा लेक रडली, तेव्हा सासूबाईंनी तिला परतीच्या वाटेवर करवंदीची जाळी आणि उंबर ओळखायला शिकवलं.

येत्या सुट्टीत आम्ही संगमेश्वरला जातोय. घरामागचा पऱ्या अजून वाहतोय असं काल चुलत दिरांनी फोनवर सांगितलं. साकव मात्र दोन वर्षांपूर्वीच्या पुरात गेला. लेकीनं आजीला विचारलं, नवा बांधायला किती मोठं खोड लागतं? दोघी कालपासून कागदावर चित्र काढतायत.