मावशीने फॉरवर्ड केलेल्या मेसेजला उत्तर

पहिला पाऊस पडला की नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘ऋतूनुसार येणारं डिप्रेशन हे बर्फाच्या देशांचं दुखणं. आपल्याकडे ऊन भरपूर. पावसात उदास वाटतं तो निव्वळ आळस. व्हिटॅमिन डीची गोळी घ्या, पाऊस गेला की आपोआप बरं वाटेल.’ यंदा तो माझ्या मावशीने पाठवला. त्याच ग्रुपमध्ये माझी ताईही आहे, म्हणून हे लिहिते आहे.

बर्फाच्या देशांचं, हे अर्धंच खरं. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या विकाराचं वर्णन केलं ते हिवाळ्यातल्या रुग्णांवरून, आणि लांब, अंधाऱ्या हिवाळ्याच्या प्रदेशांत तो जास्त दिसतो. नाशिकला डिसेंबरातला सगळ्यांत लहान दिवसही जवळपास ११ तासांचा असतो. पण १९८७ मध्ये उन्हाळ्यात येणाऱ्या नैराश्याचीही नोंद झाली. हिवाळ्यात झोप आणि भूक वाढते. उन्हाळ्यात झोप उडते, जेवण जात नाही, जीव तळमळतो. डॉक्टर तारखा बघतात: निदान दोन वर्षं ओळीने त्याच सुमारास नैराश्य आलं का, आणि ठरावीक काळाने गेलं का. दरवर्षी त्याच वेळी येणारं बाहेरचं कारण नाही ना, हेही विचारतात. अवकाळीने मणी तडकतील या धास्तीने निफाडच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते, तेव्हा कारण समोर दिसत असतं. त्याच्या त्रासाला हे नाव लागणार नाही. मदत मात्र त्यालाही लागते.

आळसाचं सांगते. ताई सिडकोत राहते. तिच्या सलग तिसऱ्या वाईट जुलैत मी अचानक गेले. गॅलरीतल्या दोरीवर तीन दिवसांचे ओले कपडे, त्यांचा कुबट वास. ओट्यावर अर्धी निवडलेली मेथी, काळी पडलेली. ताई पलंगाच्या कडेला बसून होती. “उठायचंय गं, पण हातच उचलत नाही.” पहाटे पाचला उठून तीन डबे करणारी बाई ही. दहा तास झोपूनही दमलेली, मुलांवर खेकसायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायची. आळशी माणसाला काम चुकवून बरं वाटतं. ताईला चुकलेलं एकेक काम रात्रभर टोचत होतं. दोन आठवडे बहुतेक वेळ असं राहिलं तर डॉक्टरकडे जायलाच हवं.

गोळीबद्दल. ऊन कातडीवर पडून व्हिटॅमिन डी तयार होतं. मनाला सावरणारा उजेड डोळ्यांवाटे जातो आणि मेंदूतलं घड्याळ लावतो. दोन्ही वेगळे. व्हिटॅमिन कमी असेल तर जरूर घ्यावं, पण नैराश्याचा इलाज म्हणून त्याच्यावर विसंबू नये. हिवाळी प्रकारात प्रकाश-उपचार देतात, तो साधारण १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), सकाळी २० ते ३० मिनिटं. घरातल्या ट्यूबचा उजेड काहीशे लक्स भरतो. भरलेल्या आभाळाखालीही बाहेर त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून उघडीप मिळाली की ताई सकाळीच पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत चालून येते. उपचाराचा दिवा मात्र कुणी मनाने आणू नये. बायपोलरचा, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी बेफाम उत्साहाचा, त्रास असलेल्याला तो उन्मादाकडे ढकलू शकतो.

राहिलं ‘आपोआप बरं वाटेल’. दसऱ्याच्या सुमारास ताईला खरंच मोकळं वाटायचं. पण तोवर चार महिने गेलेले, आणि अशाच दिवसांत मरणाचे विचार येतात. तसं झालं तर कुणालाही १४४१६ लावता येतो: टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मोफत, दिवसरात्र, मराठीतही. समुपदेशन आहे, गरजेप्रमाणे औषध आहे. दरवर्षीचा क्रम ठाऊक असेल तर डॉक्टर तो ऋतू लागण्याआधीच उपचार सुरू करू शकतात. ताईच्या कॅलेंडरवर आता मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुधाच्या खाड्यांशेजारी, डॉक्टरांची वेळ लिहिलेली असते.

मावशी, तुझा मेसेज तिने माझ्यासमोरच वाचला आणि काही न बोलता फोन पालथा ठेवला. तेवढा डिलीट कर, आणि तिला एक फोन कर.