सुरी, सुई आणि निवड: विशेष मुलांच्या कार्यशिक्षणाविषयीच्या एका दाव्याला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: विशेष मुलांना स्वयंपाक आणि शिवण शिकवणे म्हणजे त्यांना धोक्यात घालणे आहे, वस्तूचे डिझाइन करण्यासाठी लागणारा विचार त्यांना जमत नाही, म्हणून त्यांना रंगवायला पणत्या आणि चिकटवायला कागदी पिशव्या द्याव्यात, हाच वेळ अक्षर-अंकांना दिला तर काही उपयोग होईल, या कौशल्यांवर नोकरी मिळत नाही, आणि घरी आई सगळे करतेच. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही, कारण मजकुरात मुलांविषयीची काळजी स्पष्ट दिसते. परंतु तो वाचून आमच्या वर्गातील दोन पालकांनी आपल्या मुलांना या तासाला बसवू नये अशी विनंती केली, आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना अनेक वर्षे हाच विषय शिकवत आल्यामुळे त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा धोक्याचा. सुरी धोकादायक असते हे खरे आहे, पण ती प्रत्येक नवशिक्यासाठी धोकादायक असते, आणि तो धोका कमी करण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. आमच्याकडे पहिली सुरी लोणी लावायची, बोथट असते आणि पहिले फळ केळे असते. केळे जमले की उकडलेला बटाटा, मग काकडी, आणि कांदा अगदी शेवटी, कारण तो गोल असल्यामुळे घसरतो आणि नेमक्या त्याच वेळी डोळ्यांत पाणी आणतो. फळीखाली ओला फडका पसरलेला असतो, त्यामुळे फळी सरकत नाही. एका हातात ताकद नसलेल्या मुलासाठी फळीतून स्टीलचे दोन खिळे खालून वर काढलेले आहेत. बटाटा त्यांवर रोवला की तो धरायला दुसरा हात लागत नाही, आणि काम संपले की खिळ्यांच्या टोकांवर बुचे बसवली जातात. विळी मात्र आम्ही वापरत नाही, कारण विळीचे पाते स्थिर असते आणि हात त्याच्याकडे जातो. ज्या मुलाचा हात मध्येच झटका घेतो त्याच्यासाठी ही रचनाच चुकीची ठरते.

गॅसऐवजी सुरुवातीला इंडक्शनची शेगडी वापरता येते, कारण भांडे उचलले की तिचे तापवणे थांबते. मात्र भांड्याच्या उष्णतेने तिची काचही तापते, हे हात जवळ नेऊन दाखवावे लागते. शिलाई मशीनवरची पहिली शिवण दोऱ्याशिवाय, रेघा आखलेल्या वहीच्या कागदावर होते. सुई रेघेवरून गेली की नाही हे कागद उजेडाकडे धरला की छिद्रांच्या रांगेतून दिसते, आणि ज्याला दिसत नाही त्याला ती रांग बोटाने चाचपता येते. पायांवर ताबा नसेल तर पायमशीनऐवजी बटणाने सुरू-बंद होणारे आणि वेग कमी ठेवता येणारे विजेचे मशीन लागते. अशी साधने महाग पडतात हा आक्षेप मला मान्य आहे, पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत शिक्षणसाहित्य आणि योग्य साहाय्यक साधने मोफत पुरवणे ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे, आणि आपण ती मागायला हवी.

काही मुलांच्या बाबतीत मर्यादा खऱ्या आहेत, आणि त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला फिट येतात त्याने उकळते भांडे उचलू नये आणि शेगडीजवळ एकट्याने उभे राहू नये. प्रेडर-विली सिंड्रोम असलेल्या मुलाला सतत भूक जाणवते, त्यामुळे उघड्यावर ठेवलेल्या अन्नात त्याला तासभर उभे करणे त्याच्यावर अन्याय करणारे असते. गिळायला त्रास होणाऱ्या मुलासाठी पदार्थ किती मऊ असावा हे संबंधित तज्ज्ञाला विचारूनच ठरवावे लागते. अशा मुलांसाठी कामाची आखणी वेगळी होते. त्यांना विषयातून वगळण्याचे कारण मात्र यातून निघत नाही.

मला सर्वाधिक खुपतो तो दुसरा मुद्दा, म्हणजे डिझाइनचा विचार या मुलांना जमत नाही हा. दिवाळीच्या आधी अनेक विशेष शाळांत पणत्या रंगवल्या जातात. रंग कोणता, रेघ कुठे, टिकली कुठे, हे सारे मोठ्यांनी आधीच ठरवलेले असते, आणि मूल दिवसभर राबूनही एकही निर्णय घेत नाही. ज्याला निर्णय घ्यायची संधीच दिली नाही, त्याला तो घेता येत नाही असा निष्कर्ष आपण कोणत्या आधारावर काढतो?

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा विषय १९९० पासून आहे आणि त्यात अन्न व कापड दोन्ही येतात. तिथे आरेखन, निर्मिती आणि मूल्यमापन ही एकाच कामाची अंगे मानली जातात. आपल्याकडील कार्यशिक्षणातून नेमकी पहिली आणि तिसरी पायरी गळते.

डाउन सिंड्रोम असलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला मी डब्याची पिशवी करायला दिली होती. टेबलावर तीन कापडे होती, आणि तोंड बंद करण्यासाठी नाडी, बटण किंवा वेल्क्रो असे तीन पर्याय होते. चित्र काढून मापे घेणे त्याला जमणार नव्हते, म्हणून त्याने डबाच कापडावर आडवा ठेवला, कापड डब्याभोवती गुंडाळून पाहिले आणि खडूने खूण केली. बटणाच्या नमुन्याशी तो बराच वेळ झटला आणि मग त्याने तो बाजूला सारला, कारण त्याची बोटे आखूड आहेत आणि बटण काजात जाईना. वेल्क्रो त्याने स्वतः निवडले. पिशवी खांद्याला लावून पाहिली तेव्हा डबा गुडघ्यावर आपटू लागला. तो म्हणाला, “ताई, लांब झाला.” पट्टा उसवून दोन वेळा आखूड केल्यावर पिशवी कमरेशी बसली. माप, साहित्याची निवड, वापरून पाहणे आणि दुरुस्ती हे सारे यात घडले, आणि याहून वेगळे असे डिझाइन काय असते ते मला ठाऊक नाही.

न बोलणाऱ्या एका स्वमग्न मुलीचा अनुभवही इथे सांगायला हवा. कुर्त्याच्या आतली शिवण तिच्या अंगाला टोचते आणि मानेमागची चिठ्ठी तर तिला क्षणभरही सहन होत नाही. कापड निवडताना तिने तरट दूर लोटले, नवे कोरे सुती कापड गालाला लावून परत ठेवले आणि अनेकदा धुतलेल्या जुन्या साडीचा तुकडा हातात घट्ट धरला. तिच्या उशीच्या अभ्ऱ्याची शिवण आम्ही बाहेरच्या बाजूला घेतली आणि वरून रंगीत दोऱ्याने धावदोरा घातला. तिच्या ज्या संवेदनशीलतेला आपण दोष म्हणतो, तिच्यामुळेच कापडाची पारख ती आमच्यापेक्षा बारकाईने करत होती.

तिसरे विधान अक्षर-अंकांचे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालताना गुणोत्तर हातात येते, गजर होईपर्यंत थांबताना दहा मिनिटे कळतात आणि मिठाच्या व साखरेच्या डब्यांवरील नावे वाचण्याचे कारण लगेच जिभेला पटते. ही काही परकी कल्पना नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हेच शिक्षणाचे केंद्र मानले होते, आणि पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने शाळांसाठी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात गृह-आरोग्य हा स्वतंत्र विभाग आहे. सर्वसाधारण मुलांसाठी जी पद्धत योग्य मानली गेली, ती अमूर्त चिन्हे अवघड जाणाऱ्या मुलांसाठी निरुपयोगी कशी ठरेल?

नोकरीच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत ठेवलेल्या किमान चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे, आणि तो प्रत्यक्षात मिळवणे कठीण आहे हे खरे. परंतु पगार मिळणार नाही म्हणून स्वतःची न्याहारी करायला आणि सदऱ्याचे बटण लावायला शिकवू नये, असे आपण आपल्या इतर मुलांविषयी कधीच म्हणत नाही.

राहिला घरी आई करतेच हा मुद्दा. आई करते, कारण सकाळी वेळ नसतो आणि मुलाच्या हातून होईपर्यंत बस निघून जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही पालकांना सांगतो ती रीत अशी की, कृतीचे छोटे टप्पे पाडावेत आणि शिकवायला शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करावी. पोह्यांवर कोथिंबीर-खोबरे भुरभुरणे हा पहिला धडा. तो जमला की त्याच्या आधीचा, वाफ आल्यावर झाकण काढण्याचा. मग झाकण ठेवण्याचा. मग भिजलेले पोहे कढईत घालण्याचा. आणि असे मागे सरकत फोडणीपर्यंत. यात पहिल्याच दिवशी पदार्थ मुलाच्या हाताने पूर्ण होतो आणि आईची फक्त दोन मिनिटे जातात. मुलांना या तासाला न बसवण्याची विनंती करणाऱ्या त्या दोन पालकांपैकी एका आईने हे करून पाहिले आहे. मुलगी सध्या झाकणापर्यंत पोहोचली आहे, आणि घड्याळाचा मोठा काटा तीनवर येईपर्यंत ती झाकणाला कोणालाही हात लावू देत नाही.