वाड्याला कोण आहे?

आई-बाबा आणि वाईच्या जुन्या वाड्यात राहणारे काका माझ्याकडे जर्मनीला आले, तेव्हा मी ऑटोबान, म्हणजे इथला द्रुतगती महामार्ग, मुद्दाम टाळला. वुर्झबुर्गहून रोमँटिक रोड हा जुन्या गावांमधून जाणारा पर्यटन-रस्ता धरला आणि तीन दिवस रमतगमत दक्षिणेला आलो. वाटेत जे गाव आवडलं तिथे मुक्काम.

रोटेनबुर्गच्या तटावरून चालताना बाबा थबकले. भिंतीत जागोजागी पाट्या. त्यांवर माणसांची, गावांची नावं, काही तर जपानी. ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग जळाला, तटही बराच पडला. तो पुन्हा बांधायला जगभरातून देणग्या आल्या. ज्याने जितके मीटर बांधून दिले, त्याचं नाव तिथे आहे.

काकांचं लक्ष मात्र नोर्डलिंगनला लागलं. तिथल्या तटावरून गावाला अख्खी प्रदक्षिणा घालता येते, पावणेतीन किलोमीटर. आतल्या अंगाने तटाला बिलगून छोटी घरं आहेत आणि त्यांत आजही माणसं राहतात. काका कुंड्या, पडदे, दाराशी टेकवलेल्या सायकली बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘किल्ल्यांना सरकार आहे, शिवप्रेमी आहेत. वाड्याला कोण आहे रे?’’

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. मलाही इथे बसून भरून आलं होतं. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर वाद चालू आहे, ढासळलेले बुरूज पुन्हा बांधावेत की तसेच राखावेत. वाद महत्त्वाचाच आहे. पण त्याच ग्रुपवरच्या तीन घरांनी गेल्या काही वर्षांत आपापले वाडे बिल्डरला दिले, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

त्या घरांना दोष देववत नाही. भाडेकरू जुन्या नाममात्र भाड्यावर, हिस्सेदार डझनभर, आणि वासा बदलायचा तर खर्च एकट्याच्या खिशातून. वारसा सगळ्यांचा, बिल मालकाचं.

बव्हेरियात, म्हणजे ही गावं असलेल्या जर्मन राज्यात, १९७३ पासून स्मारक संरक्षणाचा कायदा आहे. वारसा म्हणून नोंदलेल्या घराची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने थांबलेले, वैतागलेले मित्र माझ्या ओळखीत आहेत. मात्र त्याच घरात मालक राहत असेल, तर मंजूर दुरुस्तीच्या खर्चातले दरवर्षी ९ टक्के, असे १० वर्षं, त्याला करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात. बंधन घालणारी व्यवस्था ओझ्यालाही खांदा देते. मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. आपण यादी करतो, नियम लावतो आणि मालकाला तिथेच सोडून देतो. मग एखाद्या पावसाळ्यात भिंत खचते आणि प्रश्न आपोआप मिटतो.

किल्ल्यांसाठी लढणाऱ्यांनीच हा मुद्दा हाती घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं. त्यांचं ऐकलं जातं. त्यांनी वाड्याच्या मालकासाठी करसवलत मागितली, दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मागितलं, तर काकांसारख्यांना बिल्डरला नाही म्हणायचं बळ येईल.

काका परत गेले ते मे महिन्याच्या शेवटी, मृग तोंडावर आलेला. यंदाची शाकारणीही त्यांनी पेन्शनमधूनच केली.