तिकिटाचा भाव नंतर, आधी खिडकीवर किती आली ते सांगा

फायनलच्या तिकिटाची ‘रास्त’ किंमत किती, यावरून आमच्या क्रिकेट ग्रुपवर परत जुंपली आहे. ग्रुप म्हणजे नवी मुंबईतल्या नेरूळ, सीवूड्स, बेलापूर भागातले आम्ही काही जण. निम्मे मॅच बघायला जाणारे आणि निम्मे तिकीट न मिळाल्यामुळे चिडलेले. यावेळी काडी टाकली ती एका सीए मित्राने. “बायकांच्या वर्ल्डकपला शंभर रुपये तिकीट ठेवलं, म्हणून ब्लॅकवाल्यांचं फावलं. हजार ठेवा, गर्दी आपोआप गाळली जाते.” त्यावर एका मैत्रिणीने एवढंच विचारलं, “गाळली जाते म्हणजे नक्की कोण रे?” झालं. दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही.

तिथे तुकड्या-तुकड्यांत जे लिहिलं, ते इथे एकदा सलग लिहितो. लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी त्या शंभर रुपयांबद्दल. २०२५ च्या महिला वर्ल्डकपला आयसीसीने साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवली होती. आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला ते सामने मुळात मिळणारच नव्हते, बंगळुरूचे इकडे वळवले गेले (का, ते पुढे येईलच). भारत-न्यूझीलंड मॅचला आम्ही गेलो, तेव्हा पुढच्या रांगेत पनवेलचं एक कुटुंब होतं. आई, वडील, दोन मुली, काका आणि नऊवारीतल्या आजी. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियम पाहिलं होतं. स्मृती मंधाना खेळायला आली तशी त्यांनी नातीला विचारलं, “ही कुठली गं?” नात म्हणाली, “सांगलीची.” त्यानंतर आजींची मॅच वेगळीच सुरू झाली. मंधानाने चौकार मारला की टाळ्या, समोरच्या प्रतीका रावलने मारला तर “ही पण बरी खेळते हं.” दोघींचीही शतकं झाली. सहा जणांची तिकिटं सहाशे रुपयांत! हजाराचं तिकीट असतं तर वडील एकटे आले असते, किंवा कुणीच आलं नसतं. सीए मित्राच्या चाळणीत गाळल्या जातात त्या या आजी आणि त्या दोन मुली.

तेव्हा स्वस्त तिकीट हा मूर्खपणा होता, हे मला मान्य नाही. ज्या खेळाला प्रेक्षक घडवायचा आहे, तो दार उघडं ठेवतो.

पण मित्राचं निम्मं बरोबर आहे, आणि तेच निम्मं आम्ही ग्रुपवर टाळत होतो. सेमीफायनल गुरुवारी, ३० ऑक्टोबरला. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ केल्या, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ आपण पार केल्या आणि फायनल रविवारी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर. त्या रात्रीपासून सगळ्या नवी मुंबईत एकच प्रश्न: “तिकीट आहे का?” साखळीतला शंभराचा भाव आता कुणाच्या कामाचा नव्हता. ऑनलाइन गेलं की फिरणारं चक्र, नाहीतर ‘लवकरच’. बाहेर मात्र ज्याच्याकडे होतं तो तोंडाला येईल तो आकडा सांगत होता. रविवारी पावसाने दोन तास खाल्ले, मॅच पाचला सुरू झाली, तरी लोक जागेवरून हलले नाहीत. त्यातले किती जण छापील किमतीत आत गेले होते, देव जाणे.

इथेच माझा मुद्दा आहे. आपण भांडतो ते भावावर. शंभर की हजार, की पाच हजार. पण एकूण किती तिकिटं खिडकीवर, म्हणजे सर्वसामान्यांना विकायला आली, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ते कळल्याशिवाय भावाची चर्चा म्हणजे लग्नाला किती पानं उठणार हे माहीत नसताना जिलेबीच्या दरावर वाद घालणं.

मुंबईला हे भांडण नवं नाही. वानखेडे स्टेडियम उभंच राहिलं तिकिटांच्या वाटणीवरून! मॅचेस तेव्हा ब्रेबॉर्नवर व्हायच्या. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं (सीसीआय), क्रिकेट चालवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. आमच्या क्लबांना जास्त जागा द्या, असं असोसिएशनचं म्हणणं, सीसीआय तयार नाही. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर नवं स्टेडियमच बांधून काढलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली टेस्ट झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढल्या. पण त्या भांडणात ‘जागा कुणाला’ याचं उत्तर काय होतं, ते बघा: क्लबांना. तुम्हाआम्हाला नाही. सामान्य प्रेक्षक त्या वादात पक्षकारच नव्हता.

त्याची फळं आपण २०११ ला खाल्ली. नव्याने बांधलेल्या वानखेडेवर जागा साधारण ३३ हजार. वर्ल्डकप फायनलला सर्वसामान्यांसाठी विक्रीला किती? ४ हजार! बाकीची आयसीसी, प्रायोजक आणि मुख्य म्हणजे संलग्न क्लब यांच्या कोट्यात. ऑनलाइन विक्री उघडताच संकेतस्थळ झोपलं. त्याच आठवड्यात बंगळुरूला भारत-इंग्लंड मॅचच्या तिकिटांच्या रांगेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. रांगेत रात्र काढलेल्या माणसाला भाव जास्त वाटत नव्हता हो. त्याच्यापर्यंत तिकीट पोचतच नव्हतं.

कोटा म्हणजे काय चीज आहे, हे मुंबईत वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. मोठ्या मॅचच्या आधीच्या आठवड्यात मैदानाचं नाव काढलं की पहिलं वाक्य “कितीला आहे?” असं नसतं, “कुणाची ओळख आहे का?” असं असतं. कुणाचा मेहुणा मैदान क्लबचा सेक्रेटरी. कुणाच्या साहेबांना पास आले, साहेबांना क्रिकेट आवडत नाही, म्हणून ड्रायव्हरला. कुणी नगरसेवकाच्या पीएला गाठलेलं. आमच्या ऑफिसात एकाला बॉक्सचा पास मिळाला होता. दिवसभर एसीत बसून बिर्याणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सामनावीर कोण ते सांगता येईना. त्याच्यावर राग नाही, फुकट मिळालं तर कोण सोडतो? पण नॉर्थ स्टँडला घसा फोडून ओरडणाऱ्याच्या वाट्याची एक खुर्ची तिथे गेली, एवढं खरं.

क्लबांचा हक्कच नाही, असंही मी म्हणत नाही. मुंबईचं क्रिकेट मैदानांवरच्या क्लबांनी जगवलं. आझाद मैदानावर वर्षानुवर्षं मॅट अंथरणाऱ्या माणसाला फायनलचं एक तिकीट मिळालं तर ते योग्यच. प्रश्न त्या एकाचा नाही. त्याच्या नावावर जे गठ्ठे निघतात आणि चर्चगेटच्या बाहेर फुटतात, त्यांचा आहे.

फुकट ठेवलं म्हणजे न्याय होतो, असंही कुणी समजू नये. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर आयपीएल विजयाचा सोहळा होता. मोफत पास, पण कुणाला, किती आणि कुठे मिळणार याचा पत्ता नाही. स्टेडियम साधारण ३५ हजारांचं आणि लोटलेली माणसं त्याच्या कितीतरी पट. ११ जण चेंगरून गेले. त्यानंतरच वर्ल्डकपचे सामने तिथून निघून आमच्या नेरूळला आले. भाव शून्य होता, आणि आकडा अंधारात.

आता मित्राचा ‘बाजार ठरवेल तो भाव’. हा प्रयोग अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या २०२६ च्या फुटबॉल वर्ल्डकपसाठी फिफाने केलाच: मागणी वाढेल तसा भाव वाढणार. फायनलचं तिकीट हजारो डॉलरवर गेलं, इतका ओरडा झाला की २०२५ च्या डिसेंबरात फिफाला ६० डॉलरची थोडी तिकिटं काढावी लागली, तीसुद्धा संघांच्या निष्ठावान चाहत्यांसाठी. आणि गंमत पुढेच आहे. फिफाच्या स्वतःच्या पुनर्विक्रीच्या साइटवर विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के. म्हणजे ब्लॅक बंद झालं नाही, त्याला काउंटर मिळालं आणि दलालीची पावती फाटली. मित्र म्हणतो, “निदान पैसा खेळात तरी जातो.” बाबा रे, २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेलेत. बीसीसीआयची चूल तुझ्या-माझ्या तिकिटावर पेटत नाही. गेटचा पैसा त्यांना सुटे आहेत, पण भरलेलं स्टेडियम टीव्हीवर दिसलं नाही तर ते कोटीही कुणी देणार नाही.

(आणि सरकारही मागे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर जीएसटी २८ वरून ४० टक्के. हजाराचं तिकीट आता चौदाशेला. आंतरराष्ट्रीय मॅचला पाचशेपर्यंत कर नाही, वर १८ टक्के. यावर मात्र ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालं, ते कुठल्या शब्दांत ते इथे लिहिता येणार नाही.)

भाववाढीवर प्रेक्षकाला काही करता येत नाही, असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबने पुढच्या मोसमासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं जाहीर केलं. सुमारे दहा हजार लोक ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० ने पुढे होता, लोक गेल्यावर दोन गोल खाल्ले आणि मॅच बरोबरीत. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली, भाव मागे घेतला. आपल्याकडे हे होईल का? विराट क्रीजवर असताना कोण उठतंय! शिवाय आपल्याकडे उठून गेलेल्याची खुर्ची भरायला बाहेर रांग असते, हे त्यांनाही माहीत आहे.

मग मला काय हवंय? मॅचच्या आधी एक कागद जाहीर करा. एकूण जागा किती, आयसीसीला किती, प्रायोजकांना किती, क्लबांना किती, पोलीस-पालिका-मंत्रालयाला किती आणि खिडकीवर किती. निम्म्याहून जास्त जागा खिडकीवर आल्या, तर वरच्या स्टँडला दहा हजार लावा, माझी ना नाही. फक्त एक-दोन स्टँड पोराबाळांसह जाता येईल अशा भावात कायमचे राखून ठेवा, फायनललासुद्धा. ही तिकिटं ‘सगळ्यात वेगाने क्लिक करेल त्याला’ नकोत, सोडतीने द्या. म्हाडाच्या सोडतीची सवय आहे आपल्याला. तिकिटावर ओळखपत्रातलं नाव, आणि जाता येत नसेल तर त्याच ठिकाणी छापील किमतीला परत. विंबल्डनला लवकर घरी निघालेले लोक आपलं तिकीट परत देऊन जातात, ते रांगेतल्यांना थोड्या पैशांत मिळतं आणि तो पैसा धर्मादायाला जातो. वर्षानुवर्षं चाललंय, कुणाचं आभाळ कोसळलं नाही. क्लबच्या कोट्यातल्या तिकिटावरही क्लबचं नाव छापा. ते ब्लॅकमध्ये सापडलं तर पुढच्या वेळी त्या क्लबचा कोटा कट.

मित्राचं यावर उत्तर आलंय: “एवढं सगळं कोण करणार? त्यापेक्षा घरी बस, टीव्हीवर रिप्ले पण दिसतो.” रिप्ले दिसतो हे खरंय. पण मग मैदान कुणासाठी बांधलं, हेही त्याने सांगावं.

असो. कॉमेंटमध्ये भावावर भांडायचं तर भांडा, पण त्याआधी एक करा. ज्यांच्या घरी मोठ्या मॅचचं तिकीट कधी क्लबच्या किंवा कुणाच्या ‘ओळखीच्या’ कोट्यातून आलंय, त्यांनी नाव-गाव न लिहिता फक्त दोन आकडे टाका: छापील किंमत किती होती आणि तुम्ही किती दिले. फुकट मिळालं असेल तर शून्य लिहा, कुणी हसणार नाही.