मानधन हवंच, पण धंद्याला जागाही हवी

2025 च्या जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला अन्नत्यागाला बसले. दिव्यांगांना दरमहा 6000 रुपये मानधन ही त्यांची एक मागणी. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच ठरलेला वाद पेटला: फुकट वाटायचं तरी किती? मानधन मिळायलाच हवं. पण ज्याला धंदा करायचाय त्याने तो कुठे थाटायचा, हे कुणी विचारलंच नाही.

अमेरिकेत 1936 पासून रॅन्डॉल्फ-शेपर्ड कायदा आहे. केंद्र सरकारच्या इमारतींत स्टॉल किंवा कॅन्टीन चालवायला परवानाधारक अंध विक्रेत्यांना प्राधान्य मिळतं. राज्याची यंत्रणा प्रशिक्षण देते, काउंटर-फ्रीज आणि पहिला माल पुरवते. वॉशिंग्टनमध्ये मी कामानिमित्त जातो त्या इमारतीत असा स्टॉल आहे. इथल्या नोटा सगळ्या एकाच आकाराच्या (याबाबतीत आपल्या नोटा बऱ्या), म्हणून विक्रेता नोट छोट्या यंत्रात सरकवतो, यंत्र ‘ट्वेंटी’ म्हणतं आणि सुट्टे पैसे मोजून हातात पडतात. दुपारी रांग लागते ती सँडविच चांगलं असतं म्हणून.

इथलं सगळंच चांगलं नाही. 1938 च्या कामगार कायद्यातलं एक कलम अपंग कामगाराला किमान वेतनाहून कमी मजुरी द्यायची मुभा देतं. काही राज्यांनी ते बंद केलं, देशपातळीवर ते अजून आहे. सेवाभावी म्हणवणाऱ्या संस्थांनीच त्याचा आधार घेतला, याचा मला संताप येतो. म्हणून सामाजिक उद्योगाची पाटी दिसली की मी आधी विचारतो, मालक कोण आणि मजुरी किती.

आपल्याकडे स्वतः अंध असलेल्या भावेश भाटियांनी महाबळेश्वरला सनराइज कँडल्स उभी केली. तिथे अंध कारागीर मेणबत्त्या बनवतात. सरकारने दिव्यांगांना एसटीडी-पीसीओ बूथही दिले होते. मोबाइल आला, तो धंदा बसला, आणि पुढे काय विकायचं ते ज्याचं त्याने शोधायचं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्यवसायासाठी सवलतीच्या जागेत 5 टक्के आरक्षण आहे. ती जागा गावाबाहेर मिळाली तर गिऱ्हाईक कुठून येणार? एसटी स्टँड, तहसील कचेरी, जिल्हा रुग्णालय इथल्या कॅन्टीनवर पहिला हक्क दिव्यांगांचा ठेवा, आणि तो केवळ अंधांपुरता नको. ‘नाव एकाचं, चालवतो दुसराच’ ही तक्रार खोटी नाही. त्यासाठी परवाना व्यक्तीच्या नावे द्यावा, तिने धंदा सोडला की जागा पुढच्या दिव्यांगाकडे जावी. आणि रॅम्प बांधताना तो गिऱ्हाइकाच्या दारापाशी थांबवू नका, गल्ल्यामागच्या खुर्चीपर्यंत न्या.