नाइट, सन्मान आणि खंडणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडचा प्रसिद्ध नाइट (चिलखतधारी घोडेस्वार योद्धा) विल्यम मार्शल याच्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा की, बाराव्या शतकातील नाइटला मी खंडणी, म्हणजे पकडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या सुटकेची रक्कम, वसूल करणारा व्यापारी करून टाकले, आणि शब्दाची किंमत, धर्मश्रद्धा व दुर्बळांचे रक्षण या गोष्टी आजच्या संशयी नजरेने बाजूला सारल्या.

पैशांचा हा हिशेब मार्शलच्या घरच्यांनीच अभिमानाने जपलेला आहे. 1219 मध्ये तो वारल्यावर काही वर्षांतच त्याच्या थोरल्या मुलाने वडिलांचे चरित्र फ्रेंच पद्यात रचून घेतले. 19,000 हून अधिक ओळींच्या या स्तुतिकाव्यात त्याच्या पहिल्या लढाईची हकिकत आहे. नॉर्मंडीतील द्रँकूर येथे तो शौर्याने लढला, स्वतःचा घोडा गमावून बसला आणि शत्रूचे काहीच ताब्यात न घेता परतला. रात्री जेवताना एसेक्सच्या अर्लने (बड्या सरदाराने) भर पंक्तीत त्याच्याकडे भेट म्हणून घोड्याची एखादी दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) किंवा जुना गळपट्टा मागितला, आणि आपल्याजवळ असले काही नाही असे त्याने भाबडेपणाने सांगताच सगळे हसले. पुढे ओझ्याचा घोडा घेण्यासाठी त्याला अंगावरचा झगा 22 शिलिंगांना विकावा लागला. घरातला धाकटा म्हणून जमिनीचा वारसा नसलेल्या मार्शलने हा धडा गिरवला. नंतर एका फ्लेमिश जोडीदारासह त्याने टूर्नामेंटांमध्ये (नाइटांच्या लुटुपुटूच्या लढायांत) सुमारे दहा महिन्यांत 103 नाइट पकडले, आणि ही नोंद ठेवली इंग्लंडच्या युवराजाच्या मुदपाकखान्याच्या कारकुनाने. लाज वाटण्यासारखे काही असते, तर मुलाने ते काव्यात येऊ दिले नसते.

शब्दाच्या किमतीबद्दल मात्र आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. फक्त ती खंडणीपासून वेगळी काढता येत नाही. पकडलेला नाइट रक्कम देण्याचे वचन देई आणि बहुधा त्या वचनावरच सुटे, म्हणजे साऱ्या व्यवहाराचा पायाच विश्वास होता. शिवाय मिळवलेले धन साठवून ठेवणाऱ्याला त्या समाजात मान नव्हता. ते मुक्तहस्ते वाटावे लागे, आणि वाटण्यासाठी आधी मिळवावे लागे.

श्रद्धेचे चित्रही आपण मांडता तितके सरळ नाही. चर्चने 1130 मध्ये टूर्नामेंटांवर बंदी घातली आणि त्यांत मरणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले. तरीही त्या चालूच राहिल्या. मृत्युशय्येवर मार्शलला लुटलेले परत करण्याचा विषय निघाला, तेव्हा आपण 500 नाइट पकडले, त्यांचे घोडे आणि शस्त्रे घेतली, आता ते परत करणे शक्य नाही, आणि एवढ्यासाठी स्वर्गाचे दार बंद होणार असेल तर आपला इलाज नाही, असे त्याने सांगितल्याचे काव्यात आहे. हाच माणूस टेम्पलर (लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाचा सदस्य) म्हणून लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये पुरला गेला. मला यात ढोंग दिसत नाही. पाद्र्यांची फूटपट्टी त्याने स्वतःला लावून घेतली नाही, इतकेच.

1119 मधील इंग्लंड व फ्रान्सच्या राजांमधल्या ब्रेम्यूलच्या लढाईचे उदाहरण आपण दयेचा पुरावा म्हणून दिले आहे. सुमारे 900 नाइटांपैकी तिघेच मारले गेले, हे त्या काळचा इतिहासलेखक ऑर्डरिक विटालिस खरोखरच लिहितो आणि देवाचे भय व परस्परांतील बंधुभाव ही कारणेही देतो. पण त्याच वाक्यात तो त्यांच्या लोखंडी चिलखतांचाही उल्लेख करतो, तो आपण गाळला आहे. आणि तो बंधुभाव होता एकाच वर्गातला. 1302 मध्ये कोर्त्रेइक (आजच्या बेल्जियममध्ये) येथे फ्लँडर्समधील विणकर-कारागिरांच्या पायदळाने कैदी घेतलेच नाहीत. फ्रेंच नाइट शेकड्यांनी पडले आणि घोड्याला टोचण्यासाठी टाचेला लावायचे त्यांचे सोनेरी काटे चर्चमध्ये टांगले गेले.

उरला दुर्बळांच्या रक्षणाचा मुद्दा. 20 मे 1217 रोजी लिंकन येथे सत्तरीच्या मार्शलने बंडखोर सरदार आणि त्यांच्या फ्रेंच साथीदारांविरुद्ध इंग्लंडच्या राजाच्या सैन्याचे नेतृत्व केले. शत्रूपक्षाचे बहुतेक सरदार जिवंत पकडले गेले, मोजकेच मेले. त्यानंतर विजयी सैन्याने शहर लुटले, चर्चसुद्धा सोडली नाहीत, आणि मुलाबाळांसह होड्यांतून पळणाऱ्या कित्येक स्त्रिया नदीत बुडून मेल्या. त्यांच्यासाठी खंडणी भरणारे कोणी नव्हते.