मन कशाला, हाड मोडून घ्या

अपघातात सापडायचंच असेल तर कृपा करून एखादं हाड मोडून घ्या. मांडीचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. एक्सरेत दिसतं, सिव्हिलमधून अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला निघतो, मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागताना वकिलांना बोट ठेवायला जागा मिळते. नुसती भीती घेऊन गेलात तर दाखवणार काय?

तरी हौस असेलच, तर झोपमोडीचा हिशेब ठेवा. ‘रात्री ब्रेकचा आवाज येतो’ एवढ्यानं भागत नाही. किती वाजता, आठवड्यातून किती वेळा? दोन वर्षांनी उलटतपासणीत तेच शब्द त्याच क्रमानं आले तर ‘साहेब, साक्षीदार पढवलेला आहे.’ जरा बदलले तर ‘जबाबात विसंगती आहे.’ मधली वाट मलाही सापडलेली नाही.

लक्षणं बेतानं सांगा. अमेरिकेत एमएमपीआय-२ ही मनाची तपासणी करणारी ५६७ विधानांची प्रश्नावली आहे. १९९१ मध्ये पॉल लीस-हेली या मानसशास्त्रज्ञानं तिच्यातली ४३ विधानं वेचून भरपाई मागणाऱ्यांचं ढोंग पकडायची पट्टी तयार केली, ‘फेक बॅड स्केल’. झोप नाही, अंग दुखतं, थकवा येतो म्हणालात की गुण चढतात. खरोखर गाडीखाली आलेल्याला नेमकं हेच होतं, ही त्याची वैयक्तिक अडचण. पुढे पट्टीचं नाव सौम्य करून ‘सिम्प्टम व्हॅलिडिटी’, म्हणजे लक्षणांचा खरेपणा, असं ठेवलं. विधानं तीच.

ढोंगच करणार असाल तर अभ्यास वाढवा. स्मरणशक्तीच्या एका चाचणीत ५० चित्रं दाखवतात, मग दोन-दोनांतून पाहिलेलं ओळखायला लावतात. उत्साहानं सगळी चुकवू नका. डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ च्या आसपास बरोबर येतात. पाचच आली, तर उत्तरं तुम्हाला चांगली ठाऊक होती एवढंच कळतं.

आणि तुम्ही ड्रायव्हर असाल तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलं, की दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. हात तुटला तर ड्रायव्हरचा धंदाच बसतो, कारकुनाचा नाही. तुमचा हात शाबूत आहे, फक्त मागून हॉर्न वाजला की स्टिअरिंगवरून घामानं घसरतो. घामाला किती टक्के लावायचे, ते दाखल्याच्या कुठल्या रकान्यात लिहून आणाल?

हो, पुतण्याच्या हळदीत हसू नका. तो फोटो विमा कंपनीच्या वकिलांकडे पोहोचतोच. ‘हे तुम्हीच ना?’ हो म्हणा. गाडीत बसवत नाही म्हणून मांडवापर्यंत चार किलोमीटर चालत गेला होतात, हे कोणी विचारणार नाही.